कैफियतीच्या रकान्यातली पाखरं

मुन्शीजी पाणी मोजायला शेरवानी घालून जात. खाली धोतर मांडीपर्यंत खोचलेलं, पाय उघडे, वर गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी आणि डोक्यावर लाल रूमी टोपी. असा माणूस पौषातल्या थंडीत नदीत उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला वाटलं की बिचाऱ्याला कुणीतरी ढकललं असावं. मी धावत जाऊन हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "थांबा. इंच हलतोय."

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर ते गाव होतं. मी तिथल्या शाळेवर नवाच मास्तर म्हणून गेलो होतो. पोलीस ॲक्शनच्या चारपाच वर्षं आधीची, निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. घाटाजवळ पाण्यात एक दगडी खांब होता आणि त्याच्यावर फूट-इंच कोरलेले होते. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेचं पाणी रोज सकाळी कितव्या खुणेला आहे ते वाचायचं, रजिस्टरात लिहायचं आणि महिनाअखेर त्याची नक्कल परभणीला धाडायची, एवढीच मुन्शीजींची सरकारी नोकरी. आकडा काठावरूनही दिसे. पण दिसणं आणि वाचणं यात इंचाचा फरक पडतो, असं त्यांचं म्हणणं. शेरवानी कशाला, असं मी पुढे एकदा विचारलं. म्हणाले, "सरकारी कामाला उघड्या अंगानं जायचं?" धोतर खोचून उघड्या पायांनी गेलेलं मात्र सरकारला चालत असावं.

मी त्यांच्याच घरात एका खोलीत राहायचो. बायको वारलेली, मूलबाळ नाही, स्वयंपाक स्वतः करत. खोली देताना त्यांनी एक अट घातली. रोज संध्याकाळी जेवताना, त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगायची. कुणीतरी काहीतरी खाल्लं, अशी. मुंगीनं खाल्लं, म्हशीनं खाल्लं, काहीही चालेल. मला वाटलं, हे तर फुकटच आहे. चौथ्याच दिवशी माझ्याकडचा साठा संपला. मग मी ठोकून दिलं की मळ्याच्या बांधावर मुंगसानं साप खाल्ला.

"पाहिलं का ऐकलं?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं की."

"शेपटीकडून सुरुवात केली का डोक्याकडून?"

मी म्हणालो, "शेपटीकडून." माझ्या ताटात वाढायला घेतलेली दुसरी भाकरी मुन्शीजींनी शांतपणे परत टोपलीत ठेवली. नंतर कळलं, मुंगूस आधी डोकं फोडतं. त्या रात्री मी अर्धपोटी झोपलो आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच बघायला लागलो. आजही रस्त्यात शेळी काय खाते आहे ते बघायला मी थांबतो आणि माझी माणसं पुढे निघून जातात.

"पाहिलं का ऐकलं?" हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. बाजाराला आलेला माणूस म्हणाला की जिंतूरकडं लय गारा पडल्या, की यांचं चालू: पाहिलं का ऐकलं? कुणाच्या लग्नाची बातमी आली तरी तेच. लोक हसत, काही चिडत. आपल्या तोंडची बातमी अशी कुणी हातात घेऊन खालीवर करून बघितलेली माणसाला आवडत नाही.

त्यांचा खरा जीव मात्र पाखरांत होता. दिवाळी उलटली की गंगेवर पांढरी पाखरं उतरायची. पंख राखाडी, चोच जाड, ओरडणं मांजरासारखं. गाव त्यांना गंगेची कबुतरं म्हणे. ती समुद्राकडची पाखरं आहेत आणि पुस्तकात त्यांना कुरव म्हणतात, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. शिमग्याला ती निघून जात. तेवढे चार महिने मुन्शीजी पाण्याचा आकडा लिहून झाल्यावर घाटाच्या वरच्या पायरीवर तासभर बसत आणि ती काय खातात ते बघत. मासे खातात एवढं कुणालाही माहीत होतं. मुन्शीजींना त्याच्यात गोडी नव्हती. एक पाखरू ओल्या चिखलात जागच्या जागी पाय नाचवतं, मग गांडुळं वर येतात आणि ते टिपतं, हे त्यांनी पाहिलं होतं. एक पाखरू स्वतः कधी मासा धरत नाही, खंड्यानं धरला की त्याच्या मागे लागून त्याला टाकायला लावतं. एक तर काठावरच्या बोरीची बोरं खाई आणि थोड्या वेळानं बिया ओकून टाकी. "गंगेतलं पाखरू बोरं खातं, मास्तर!" हे सांगताना त्यांचा आवाज असा कापला, की मला वाटलं घरी मुलगा झाला.

स्वतः मात्र त्यांनी कधी दाणासुद्धा टाकला नाही. एकदा मी भाकरीचा तुकडा भिरकावला तर माझा हात धरला. "घातलं की ते आपलं खातं. त्याचं काय खातं ते मग कळत नाही." पाखरांना नावं ठेवायलाही त्यांचा विरोध. एका मोठ्या पाखराचा डावा पाय अधू होता. गाव त्याला लंगड्या म्हणे. हे लिहीत, 'मोठा, डावा पाय अधू.'

लिहीत कुठे? तर सरकारी रजिस्टरात. पाण्याच्या आकड्यापुढे कैफियतीचा एक रकाना असे. पूर आला, खांब वाकला, असं काही घडलं तर लिहायला. वर्षाचे अकरा महिने तो कोराच जायचा, ते मुन्शीजींना बघवेना. आकडा उर्दूत आणि पुढे पाखरांची कैफियत बारीक मराठीत. परभणीहून ताकीद आली की या रकान्यात पाखरांच्या खाण्याचा मजकूर लिहू नये. यांनी उत्तर धाडलं की रकान्यावर नुसतं 'कैफियत' छापलेलं आहे, कुणाची ते छापलेलं नाही. मग एक साहेबच तपासणीला आले. मुन्शीजींनी त्यांना चहा दिला, घाटावर नेलं आणि पायरीवर बसवलं. साहेब पाच मिनिटांसाठी बसले ते उन्हं चढेपर्यंत. जाताना बोलले एवढंच, "अक्षर जरा मोठं काढत जा, वाचायला त्रास होतो."

आता भिवराबाईचं सांगायला हवं. गावाच्या टोकाला नदीच्या अंगानं तिची झोपडी होती. गंगेतल्या शिंपल्या गोळा करायच्या, भट्टीत भाजायच्या, त्याचा चुना करायचा आणि बाजारात पानाला विकायचा, हा तिचा धंदा. एकटी बाई, साठीच्या पुढची, अंगानं काडी आणि तोंडानं भट्टी. तिचा चुना कडक, असं गावच्या पाटलांची आत्या एकदा भर बाजारात म्हणाली. जीभ भाजली म्हणून दाखवायलाही लागली. भिवराबाईनं उत्तर दिलं, "चुन्यानं न्हाई भाजली. एवढं बोलती, त्यानं भाजली." लोक हसले. आत्या मात्र ते विसरली नाही.

त्या हिवाळ्यात पाटलांनी घराच्या पुढच्या सोप्यावर पत्रे घातले. गावात बाकी सगळी मातीच्या धाब्याची घरं, पत्रा हा पहिलाच. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर मोठमोठे दगड ठेवलेले. आठ दिवस माणसं पत्रा बघायला येत होती. नवव्या दिवशी दिवस उगवता उगवता पत्र्यावर धाडकन काहीतरी आदळलं. थोड्या वेळानं पुन्हा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाटलांच्या सुनेला सातवा महिना होता. ती दर वेळी दचकून उठायची आणि मग दिवसभर तिला अन्न जायचं नाही. चारपाच दिवसांत पोरीचा चेहरा उतरला. घरातल्या कुणी बाहेर येऊन बघावं तर माणूस नाही, काणूस नाही. अंगणात ओल्या, फुटक्या शिंपल्या पडलेल्या.

आत्यानं शिंपली उचलली आणि एकच शब्द उच्चारला, भानामती.

आमच्या मुलखात हा शब्द नुसता उच्चारून भागत नाही. तो उच्चारला की करणारी बाईही शोधावी लागते. आणि गावात शिंपल्या कुणाकडे असतात, हे पोरासोरांना ठाऊक होतं. भिवराबाईला चावडीवर बोलावलं. ती कडाडली, "म्या कशाला टाकू? त्ये लंगडं कबुतर टाकतंया! वरून सोडतंया अन् फोडून खातंया. म्या त्येच्या मागं मागं हिंडून टरफलं येचते, म्हाईत न्हाई का तुमाला?"

सगळी चावडी हसली. आत्या तेवढी हसली नाही. "पाखरावर ढकलायलीय बगा," ती म्हणाली. भानामती करणाऱ्या बाईचे दात पाडायचे, म्हणजे तिला मंत्र नीट म्हणता येत नाही, अशी तिकडची रीत. दात पाडायचे आणि गावाबाहेर काढायचं. पाटील माणूस वाईट नव्हता, पण सुनेकडे बघून घाबरला होता. परवा सकाळी काय ते करू, असं त्यानं जाहीर केलं.

मी शाळेतून येऊन हे मुन्शीजींना सांगितलं. त्यांनी विचारायच्या आतच म्हणालो, "ऐकलं. पाहिलेलं नाही." ते उठले आणि सरळ भिवराबाईच्या झोपडीकडे गेले. मी मागोमाग. ती भट्टीशी बसली होती, भट्टी विझलेली.

"लंगड्या शिंपली टाकतो म्हणालीस. पाहिलं का ऐकलं?"

"देखलं," ती म्हणाली. "चार वरसं देखायलेय."

"किती उंचावरून?"

"घाटावर टाकायचा तवा पिंपळाएवढा. पत्र्यावर टाकताना जरा वर जातुया."

मुन्शीजींच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी तोवर पाहिला नव्हता. आपण एकटेच बघतो असं इतकी वर्षं वाटत आलेल्या माणसाला दुसरा बघणारा भेटला होता. माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे. घाटाच्या दगडावर एकदाच टाकावी लागते, पत्र्यावर तीनतीनदा. पण घाटावर कुत्री मांस पळवतात. पत्र्यावर कुत्रं चढत नाही." मग दोघं शिंपल्यांवर बोलत बसली. परवा जिचे दात पडायचे ती बाई आणि हे, लंगड्या कोणत्या काठाची शिंपली आधी फोडतो यावर वाद घालत होते.

त्यांनी पाटलांकडून एक सकाळ मागून घेतली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळं गाव पाटलांच्या घरासमोरच्या लिंबाखाली जमलं. भिवराबाईला मधोमध बसवलेलं. तिनं पदर तोंडावर घट्ट धरला होता. मुन्शीजी शेरवानी आणि टोपीत. कुणी बोलायचं नाही, कुणी हलायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. शेदोनशे माणसं आणि एक खोकलासुद्धा नाही. मला भीती एकच होती, की नेमका आजच तो आला नाही तर?

आला. गंगेकडून एकटाच, डावा पाय लोंबत, चोचीत काळी शिंपली. पत्र्यावर एक चक्कर मारली, वर चढला आणि सोडली. धाड! शिंपली घरंगळली तशी झेप टाकून पकडली. पुन्हा वर, पुन्हा धाड. तिसऱ्यांदा ती दगडावर बसली आणि फुटली. लंगड्या पत्र्यावर उतरला, आतलं मांस ओढून खाल्लं, टरफल पायानं ढकललं. ते अंगणात, बरोबर आत्याच्या पुढ्यात येऊन पडलं.

मुन्शीजींनी गावाकडे तोंड केलं. "पाहिलं का ऐकलं?"

"देखलं, देखलं," असा एकच गलका उठला. भिवराबाईनं पदर खाली केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला मी वर पत्र्याकडे बघत राहिलो. सगळं संपलं असं वाटलं.

तेवढ्यात आत्या बोलली. आवाज न चढवता, अगदी समजुतीनं. "आमीबी देखलं. पर पाखराला येवढी अक्कल आली कुटून? शिंपली वर न्यायची, दगड बगून टाकायची. कुणी शिकवल्याबिगर पाखरू आसं करंल व्हय? हिनंच मंतर टाकून शिकवलंय त्येला."

लोकांतली एकेक मान हलायला लागली. खरंच की, शिकवल्याबिगर कसं करंल? पाटलांनी भिवराबाईकडे बघितलं आणि त्या बघण्यात कालचं भय परत आलेलं मला दिसलं. आमचा पुरावाच आमच्यावर उलटला होता. मी मुन्शीजींकडे पाहिलं. आता ते चिखलात नाचणाऱ्या पाखराचं सांगतील, बोरं खाणाऱ्याचं सांगतील, पाखरं आपली आपण शिकतात हे पटवून देतील, आणि कुणालाही पटणार नाही, असं मला वाटलं.

मुन्शीजींनी टोपी काढली. चारचौघांत त्यांची टोपी उतरलेली कुणी पाहिलेली नव्हती. डोक्यावर टक्कल होतं हे गावाला त्या दिवशी कळलं.

"शिकवलं," ते म्हणाले. "मी शिकवलं."

"तुमी?" पाटील म्हणाले.

"चार वर्षं झाली. रोज शिंपल्या खायला घालून शिकवलं. गंमत म्हणून. बाईचा काही संबंध नाही."

गावानं ते ताबडतोब मान्य केलं. पाखराला अक्कल असते हे पटायला इतकं जड गेलं होतं, पण मुन्शीजींना नाही, हे पटायला काहीच वेळ लागला नाही. "येडंच हाय की हे," कुणीतरी म्हणालं, आणि हसू फुटलं. पाटलांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. भानामतीपेक्षा येडा परवडला. शेजारीपाजारी मुन्शीजींना वाटेल ते बोलून घेत होते. ते टोपी हातात धरून उभे होते. भिवराबाई मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ते खोटं बोलताहेत हे तिथं तिला आणि मलाच माहीत होतं.

शिक्षा म्हणाल तर लहानशीच. पत्र्यावर कडबा पसरायचा, म्हणजे शिंपली फुटणार नाही आणि पाखरू येणार नाही. आणि मुन्शीजींनी मारुतीसमोर शपथ घ्यायची, की यापुढे पाखरांच्या नादी लागणार नाही. पाणी मोजायला जायचं, मोजायचं, परत यायचं. घाटावर बसायचं नाही, पाखरांकडे बघायचं नाही. त्यांनी लगेच शपथ घेतली. गावाला वाटलं, स्वस्तात सुटले.

मी त्यांच्या घरात राहत होतो, मला माहीत आहे ते किती स्वस्तात सुटले. दुसऱ्या दिवसापासून ते नदीवर जात, पाण्यात उतरत, पाखरांकडे पाठ करून आकडा वाचत आणि मान खाली घालून परत येत. मागे सगळी गंगा ओरडत असायची. घरी येऊन आकडा लिहीत आणि कैफियतीच्या रकान्यावर टाक धरून बसत. शाई वाळायची. शपथ मोडा, कोण बघतंय, असं मी म्हणालो तर म्हणाले, "मी बघतोय ना." मग म्हटलं, मी बघून येतो आणि सांगतो. ते उदासपणे हसले. "तुम्ही शिक्षक आहात, मास्तर. तुम्हाला बघायच्या आधीच माहीत असतं."

सहासात दिवस गेले असतील. सकाळी दारात भिवराबाई उभी राहिली. गुडघ्यापर्यंत ओली, कमरेला शिंपल्यांची टोपली. आत न येता उंबऱ्यापासूनच म्हणाली, "ल्ह्या. लंगड्यानं आज घाटावर तीन फोडल्या. येक कुत्र्यानं नेली."

मुन्शीजी उठून बसले. सवयीनं तोंडातून गेलंच, "पाहिलं का ऐकलं?"

भिवराबाई भडकली. "ह्या दोन डोळ्यांनी देखलं!" आणि मग पानानं लाल झालेलं तोंड उघडून, हसून म्हणाली, "अन् ह्या समद्या दातांनी सांगायलेय."

त्यानंतर ती शिमग्यापर्यंत रोज आली. पुढच्या हिवाळ्यातही आली. मुन्शीजी प्रश्न विचारत, ती वैतागून उत्तरं देई, मग दोघं भांडत. कधी पान न खाणारा माणूस तिच्या चुन्याचं पान खायला लागला. पाटलांच्या सुनेला मुलगा झाला, आणि बारशाच्या पानाला चुना भिवराबाईकडूनच आला. आत्या म्हणाली, कडकच आहे.

मुन्शीजींची नोकरी संपली तेव्हा ते चारठाण्याला बहिणीकडे राहायला गेले. रजिस्टरं परभणीला गेली, पण प्रत्येक पानाची एक नक्कल ते स्वतःसाठी काढून ठेवत. तो गठ्ठा माझ्याकडे देऊन गेले. ते वारल्याची बातमी आली त्या दिवशी मी तो पहिल्यांदा सोडला. आधी पत्र्यासमोरच्या त्या सकाळचं पान शोधलं. मला वाटलं होतं, तिथे भिवराबाईबद्दल असेल, किंवा शपथेबद्दल, किंवा गावाबद्दल काही कडू. उर्दू आकड्यापुढे, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे जरा मोठ्या अक्षरांत, एवढंच होतं:

"मोठा, डावा पाय अधू, यानं तीन प्रयत्नांत एक शिंपली फोडली. पाहिलं. गावासमोर म्हणालो की त्याला मी शिकवलं. हे खरं नाही. तो आपला आपणच शिकला. त्याची हुशारी मी माझ्या नावावर घेतली, याची लाज वाटते."